बाग, ऋतू आणि जयणा

गेल्या श्रावणातील गोष्ट. गच्चीवरील लिंबाच्या कुंडीत एका सकाळी कोवळी पाने कुरतडलेली दिसली. उरलेल्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके होते. जवळून पाहता ते ठिपके हलले. त्या अळ्या होत्या. रोपवाटिकेतून आणून ठेवलेली फवारणीची बाटली मी हाती घेतली, तोच मागून सासूबाईंचा आवाज आला, "पर्युषण दारात येऊन उभं आहे, आणि हातात हे काय गं?"

"औषध आहे आई, झाडाचं."

"झाडाचं औषध. मग अळीचं काय?"

बाटली मी खाली ठेवली. उत्तर मात्र सुचले नाही. त्या उत्तराच्या शोधात बागेकडे वर्षभर नव्याने पाहिले. त्या पाहण्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

आपल्या आचारशास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घरसंसार व व्यापार करणाऱ्या श्रावकाला आरंभी व उद्योगी हिंसा सर्वथा टाळता येत नाही. संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडलीच पाहिजे. कुंडीतील माती हलविणे, झाडाला पाणी घालणे हा आरंभ झाला. पण अळी दिसत असताना तिच्यावर विष फवारणे हा संकल्प होय. शिवाय निष्कारण जमीन उकरणे, व्यर्थ पाणी सांडणे, सहज म्हणून पान तोडणे यांची गणना अनर्थदंडात केलेली आहे.

मग श्रावकाने बाग करूच नये काय? भगवान ऋषभदेवांनी असी, मसी, विद्या, वाणिज्य, शिल्प यांच्या बरोबरीने कृषीही शिकविली, असे आपण मानतो. दक्षिण महाराष्ट्रात आजही असंख्य जैन कुटुंबे शेती करतात. तेव्हा प्रश्न बाग करावी की नाही हा नसून ती कशी करावी हा आहे. याचे उत्तर 'जयणा' या एका शब्दात आहे. बागेत जयणा म्हणजे बव्हंशी योग्य काम योग्य ऋतूत उरकणे. हंगाम सुरू झाल्यावर माल भरायला धावणारा व्यापारी नुकसानीत जातो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बागेतही तसेच आहे. वेळ चुकली की पुढे मारण्याची पाळी येते.

म्हणून आमच्या बागेचे वर्ष आता फाल्गुनात सुरू होते. थंडी सरलेली असते, उन्हाचा कडाका अजून यायचा असतो, माती कोरडी असते आणि तिच्यात जीवांची वर्दळ कमी असते. कुंड्या बदलणे, माती भुसभुशीत करणे, मोठी खोदाई ही सारी कामे याच दिवसांत संपवितो. गांडूळ आढळल्यास ओल्या पानावर उचलून दुसऱ्या कुंडीतील मातीत ठेवतो. जुनी माती प्लॅस्टिकखाली झाकून उन्हात तापवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातील जीव मरावेत हाच त्याचा हेतू असल्याने आम्ही तो मानत नाही. खत घेताना पिशवीवरील मजकूर अवश्य वाचावा, कारण बाजारातील कित्येक मिश्रणांत हाडांचा चुरा असतो. जुने, पूर्ण कुजलेले शेणखत आपल्याला पुरते. स्वयंपाकघरातील ओला कचरा साठवून कुजविण्याचे मात्र आम्ही थांबविले. त्या ढिगात असंख्य जीव उत्पन्न होतात आणि तो उपसताना चिरडले जातात.

चैत्र-वैशाखात खरी कसोटी पाण्याची. कुंडीतील मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे जाडीचा थर पसरला की ओलावा टिकतो आणि निम्मी धावपळ वाचते. पाणी सकाळी, गाळून आणि मुंग्यांची रांग नाही हे पाहून घालावे. कोवळ्या रोपांवर हिरवी जाळी बांधावी. पक्ष्यांसाठी परळ ठेवावे, पण त्यातील पाणी रोज बदलावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी आठवडाभर साचले तर त्यात डास होतात. आधी होऊ द्यायचे आणि मग मारायचे, यापेक्षा ताटली वेळीच कोरडी करणे किती सोपे!

ज्येष्ठ हा तयारीचा महिना. आषाढ शुक्ल चतुर्दशीला चातुर्मास बसतो. साधु-साध्वी विहार थांबवितात, कारण पावसाने भूमी अंकुरांनी व सूक्ष्म जीवांनी भरून जाते. जे भान त्यांच्या पावलांना, तेच आपल्या खुरप्याला असावे. पहिल्या सरीपूर्वी कुंड्यांची भोके काडीने मोकळी करून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे पाणी तुंबत नाही. गच्चीच्या फरशीवर चुन्याचा हात द्यावा. शेवाळ हे अनंतकाय. एकदा धरले की त्यावर पाऊलही टाकता येत नाही आणि ते खरवडताही येत नाही. ते धरू न देणे एवढेच आपल्या हाती असते.

चातुर्मासात आपण पालेभाज्या वर्ज्य करतो, तेव्हा त्या दिवसांत मेथी-पालक पेरण्याचे प्रयोजन नाही. त्याऐवजी ज्येष्ठात दोडका, घोसाळे, कारले यांचे वेल लावावेत. श्रावणापासून ते फळू लागतात. कंदमुळांना तर आपल्या बागेत जागाच नाही. बाकी चार महिने खुरपे खुंटीला टांगलेले बरे. पाणी आकाश घालते. आपण फक्त पाहावे.

मात्र हेच दिवस किडीचे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कडुनिंबाचे तेल नैसर्गिक म्हणून निर्दोष मानले जाते, परंतु ते कीटकांची वाढच खुंटविते. नैसर्गिक असणे आणि अहिंसक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खरा उपाय आधीचा. नत्रयुक्त खत अति झाले की फूट लुसलुशीत होते आणि तिच्यावर मावा येतो. म्हणून खत बेताने द्यावे, कुंड्यांत अंतर ठेवावे, ऊन-वारा खेळू द्यावा. एवढे करूनही मावा आलाच, तर तेवढा शेंडा हलक्या हाताने खुडून बाजूच्या गवतात ठेवतो. त्यातही काही जीव जातात, हे नाकारत नाही. त्याची आलोचना सायंकाळच्या प्रतिक्रमणात करावी.

कार्तिकी पौर्णिमेनंतर बाग पुन्हा हाती येते. मेथी, पालक, कोथिंबीर पेरावी. पालकाची बाहेरची पानेच घ्यावीत, म्हणजे रोप उपटावे लागत नाही. आपल्याकडे गुलाबाची छाटणी साधारणतः ऑक्टोबरमध्ये करतात. आम्ही ती चातुर्मास संपल्यावर करतो. छाटणीनंतर फुले यायला सुमारे दीड महिना लागतो, त्यामुळे शेजारच्या गच्चीवर गुलाब फुललेले असतात तेव्हा आमच्याकडे नुसत्या काड्या दिसतात. पहिल्या वर्षी हे मनाला लागले. आता लागत नाही.

लेश्यांच्या दृष्टान्तातील जांभळीचे झाड आपण अनेक मंदिरांत चित्रित पाहिले आहे. भूक सहाही जणांना सारखीच, पण एक झाड मुळासकट पाडू पाहतो आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचून तृप्त होतो. लहानपणी वाटे की मी सहावी. बाग केल्यावर कळले की हातात बाटली घेणारी मी त्या रांगेत पुष्कळ मागे उभी होते. घरातील मुलांना लेश्या समजावून सांगायच्या असतील, तर त्यांच्या हाती एखादी कुंडी सोपवावी. शब्दांनी जे उमगत नाही ते एका रोपाने उमगते.

आणि त्या अळ्या? त्यांना तशाच राहू दिले. त्या पुढे हिरव्या झाल्या, सुमारे दोन आठवडे पाने खात राहिल्या आणि एके दिवशी दिसेनाशा झाल्या. कठड्याच्या आडोशाला दोन कोष मिळाले. त्यांतील एक पुढे रिकामा आढळला. लिंबाला दिवाळीनंतर नवी पालवी फुटली, पण यंदा लिंबे अवघी सात आली. उन्हाळ्यात सरबतासाठी ती बाजारातूनच आणावी लागली. पिशवी रिकामी करताना सासूबाईंनी ती मोजली आणि इतकेच म्हणाल्या, "एवढ्याची गच्चीवर कुणाची तरी पंगत झाली, असं समज."