जबड्याच्या सांध्याचे दुखणे आणि त्यावरील भौतिक उपचार

बोलणे, चावणे, हसणे, जांभई देणे ह्या क्रिया माणूस दिवसभर करीत असतो. परंतु ज्या दोन लहानशा सांध्यांच्या बळावर त्या चालतात, त्यांची आठवण त्याला सहसा होत नाही. कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडमीट केले, म्हणजे बोटाखाली जे सरकताना जाणवते, तोच हा सांधा. एखाद्या सकाळी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालावा आणि चावताना तेथे कळ उठावी, किंवा जांभई अर्ध्यावरच अडावी, की त्याची ओळख एकदम पटते. मग रुग्ण प्रथम कान दाखवून येतो, नंतर दात दाखवितो. कोणी विजेचा शेक सुचवितो, कोणी मालीश, कोणी दातांवर बसवायची पट्टी, तर कोणी दात घासून चावा नीट करण्याचा सल्ला देतो. ह्या गर्दीत निवड कशी करावी, हा प्रश्न साधा नाही. कारण चुकीच्या शेकाने फार तर वेळ आणि पैसा जातो. घासलेला दात मात्र परत भरून येत नाही.

उपचारांची तुलना करण्यापूर्वी ह्या सांध्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक कवटीच्या शंखास्थीच्या खोबणीत बसते आणि दोहोंच्या मध्ये एक तंतुमय चकती असते. तोंड उघडू लागले, की हे टोक प्रथम बिजागरीसारखे फिरते आणि पुढे चकतीला बरोबर घेऊन खोबणीतून पुढच्या उतारावर सरकते. उजवा आणि डावा असे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एकाला दुसऱ्यावाचून हलता येत नाही. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर उघडते. म्हणजे स्वतःच्याच हाताची तीन बोटे उभी करून दातांच्या मध्ये घालता येतात. ही घरगुती मोजणी उपचाराचा गुण पडताळण्यासही उपयोगी पडते.

ह्या दुखण्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्या आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दुखणे मूळ सांध्यात नसून चावण्याच्या स्नायूंत असते. झोपेत दात खाणे, कामाच्या तंद्रीत दात आवळून बसणे, मनावरील ताण ह्यांमुळे ते स्नायू थकतात व कठीण होतात. दुसऱ्या प्रकारात चकती आपल्या जागेवरून सरकते. त्यामुळे तोंड उघडताना कट्‌कन आवाज होतो आणि क्वचित जबडा अडकतो. तिसऱ्यात सांध्याची झीज किंवा दाह असतो. नुसता आवाज होत असेल, दुखत नसेल आणि तोंड पुरेसे उघडत असेल, तर बहुधा उपचाराची गरजच नसते. एवढे समजले तरी पुष्कळांची निम्मी काळजी मिटते.

ह्या विकाराच्या उपचारांचा इतिहास बोधप्रद आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी असे मत मांडले, की मागचे दात गेल्यामुळे जबडा मागे दाबला जातो आणि त्यातून कानाची व सांध्याची दुखणी उद्भवतात. शरीररचनाशास्त्रज्ञांनी पुढे ह्या उपपत्तीतील दोष दाखविले. तरीही दातांची ठेवण बदलण्याची प्रथा कित्येक दशके चालूच राहिली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॅस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णांचे दात घासल्याचा केवळ देखावा केला. प्रत्यक्षात दातांचा चावा बदललाच नाही. तरीसुद्धा त्यांपैकी १६ जणांनी दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे थांबल्याचे सांगितले. ह्याचा अर्थ रुग्ण खोटे दुखणे सांगत होते असा नव्हे. हे दुखणे पुष्कळदा आपोआप ओसरते आणि काळजीपूर्वक केलेल्या तपासणीने व धीर मिळाल्याने स्नायूंची आवळण सैल होते, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून ‘अमुक उपचार घेतला आणि बरे वाटले’ एवढ्यावरून त्या उपचाराचे श्रेय ठरविता येत नाही. उपचार घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केल्यावरच खरे काय ते कळते.

आता भौतिक उपचारांकडे वळू. त्यांचे तीन वर्ग पडतात: यंत्राने करावयाचे, उपचारकाने हाताने करावयाचे आणि रुग्णाने स्वतः करावयाचे. यंत्रांच्या वर्गात श्राव्यातीत ध्वनिलहरी, त्वचेवरून दिला जाणारा सौम्य विद्युत्प्रवाह आणि कमी शक्तीचे लेसर किरण हे येतात. रुग्णाला त्यांचे आकर्षण वाटते, कारण त्याला काहीच करावे लागत नाही. परंतु दात आवळण्याची सवय यंत्राने सुटत नाही आणि आखडलेला स्नायू आपली लांबी शिकत नाही. ह्या मानाने घरचा ओला शेक, म्हणजे गरम पाण्यात पिळलेला रुमाल पंधरा-वीस मिनिटे गालावर ठेवणे, हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. मात्र शेक हीसुद्धा व्यायामापूर्वीची तयारी आहे, संपूर्ण उपचार नव्हे.

दुसरा वर्ग हातांचा. चावण्याच्या स्नायूंत ज्या जागी दाबले असता वेदना दूरवर पसरते, अशा गाठी शोधून उपचारक त्यांवर स्थिर दाब देतो. सांधा आखडला असेल, तर हातमोजा घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवतो आणि जबडा हळूहळू खाली व पुढे ओढून सैल करतो. हे काम कौशल्याचे आहे. अर्धवट शिकलेल्याने झटका देऊन जबडा ‘बसविण्या’च्या भरीस पडू नये.

तिसरा वर्ग व्यायामाचा. तो दिसायला अगदी सामान्य, परंतु टिकाऊ गुण देणारा आहे. आरशासमोर बसून जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला लावावे आणि ते न सोडता तोंड सावकाश उघडावे, म्हणजे जबडा एका बाजूस न वळता सरळ उतरतो. हनुवटीखाली मूठ धरून तिच्या हलक्या विरोधात तोंड उघडणे आणि बोटांनी आधार देत तोंड थोडे थोडे अधिक ताणणे, हे पुढचे टप्पे होत. चिली देशातील भौतिकोपचारतज्ज्ञ मारियानो रोकाबादो यांनी जबडा आणि मान यांसाठी सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा आणि दिवसातून सहादा, अशी लक्षात राहण्याजोगी पद्धत रूढ केली. ह्याच्या जोडीला एक सवय लावून घ्यावी लागते: ओठ मिटलेले, परंतु दात एकमेकांपासून सुटे. चोवीस तासांत चावण्या-गिळण्यासाठी दात एकमेकांना टेकतात ते काही मिनिटेच. उरलेला सर्व वेळ ते सुटे राहावेत, अशीच निसर्गाची योजना आहे.

ह्या सर्वांची शास्त्रीय तुलना २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. १५३ चाचण्या, ८,७१३ रुग्ण आणि ५९ उपचार किंवा उपचारांच्या जोड्या तीत एकत्र अभ्यासल्या गेल्या. त्यावरून तज्ज्ञांच्या मंडळाने जुनाट दुखण्यासाठी शिफारशी केल्या. देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम व ताण, शरीराची ठेवण सुधारण्याचे व्यायाम, उपचारकाने हाताने सांधा मोकळा करणे, स्नायूंतील गाठींवर दाब देणे, मनाची व वागणुकीची घडण बदलणारा मानसोपचार, तसेच घरचे व्यायाम, माहिती आणि धीर, ह्यांना जोरदार पाठिंबा मिळाला. सूचिवेधाला मर्यादित अनुकूलता मिळाली. लेसर, विद्युत्प्रवाह आणि दातांवर काढघाल करता येणारी पट्टी ह्यांच्या विरुद्ध मात्र सशर्त कौल पडला. चकती शस्त्रक्रियेने काढून टाकणे आणि कायमचा बदल घडविणाऱ्या पट्ट्या ह्यांना तर स्पष्ट विरोध झाला. पट्टीचा दात झिजण्यापासून बचाव करण्यासाठी दंतवैद्य वेगळा विचार करू शकतो. परंतु वेदनेवरील पहिला उपाय म्हणून तिचे स्थान आता डळमळीत झाले आहे.

ह्या निष्कर्षांचा रोख सरळ आहे. जे उपचार स्वस्त आहेत, मागे घेता येण्याजोगे आहेत आणि ज्यांत रुग्णाचा स्वतःचा सहभाग आहे, तेच तुलनेत वरचढ ठरले. त्यांची अडचण एकच, की ते चिकाटी मागतात. चार दिवस व्यायाम करून सोडून देणाऱ्याने व्यायामाला दोष देणे न्याय्य नाही. तसेच व्यायामाच्या वेळी थोडा ताण जाणवणे ठीक. पण दुखणे वाढून तासन्‌तास टिकले, तर प्रमाण कमी केले पाहिजे. तोवर घास लहान घ्यावा, कडक चकली, चिक्की, ऊस बाजूला ठेवावा आणि जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा.

मात्र तोंड न उघडण्याचे प्रत्येक कारण सांध्यात नसते, ही गोष्ट आपल्या देशात विशेष लक्षात ठेवली पाहिजे. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा तंतुमय होऊन कडक बनते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागते. १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी ह्या विकाराचे वर्णन केले होते. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून तेथे नुसत्या व्यायामावर विसंबून चालत नाही. सुपारी सोडून तपासणी करून घेतलीच पाहिजे. जखमेनंतर जबडा आवळला जाणे हे धनुर्वाताचे लक्षण असू शकते. चालताना किंवा जिना चढताना जबड्यात उठणारी कळ हृदयाची असू शकते. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी आणि चावताना जबडा भरून येणे, हे रक्तवाहिन्यांच्या दाहाचे चिन्ह असू शकते व त्यात दृष्टी धोक्यात येते. अशा वेळी विलंब न करता वैद्याकडे जावे.

ही कारणे नाहीत अशी खात्री करून घेतल्यावर बहुसंख्य रुग्णांनी भिण्याचे कारण नाही. आरसा, ओला रुमाल, स्वतःची तीन बोटे आणि जाणत्या उपचारकाने घालून दिलेला व्यायामाचा नेम, एवढ्या साहित्यावर पुष्कळांचे तोंड पुन्हा मोकळे उघडते. न परतणारा उपाय हाती घेण्यापूर्वी परतता येणारा उपाय पुरेसा काळ करून पाहावा, हा ह्या साऱ्या तुलनेचा व्यवहारी बोध होय.