उकळलं तरी पाणी तेच

आमची विहीर फुरसुंगीत, उरुळी देवाचीच्या कचरा डेपोजवळ. बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं, वर तेलकट तवंग. नवी सून म्हणाली, "आत्या, उकळून घेऊ." म्हटलं, "जंतू मरतील गं. क्षार अन् जड धातू कुठं जातील? पाणी आटून उलट दाटच होतील." पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत.

जुन्या डेपोंखाली सहसा अस्तर नसतं. पाऊस कुजत्या कचऱ्यातून झिरपतो, वाटेत अमोनिया, क्षार, धातू विरघळवतो आणि मुरुमातून, काळ्या खडकाच्या भेगांतून विहिरी गाठतो. वरून आच्छादन घातलं की नवं पाणी शिरणं कमी होतं. आधी मुरलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. म्हणून डेपो बंद झाला तरी पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी तपासून घ्यावं. तोवर प्यायला टँकरच.