स्लॅब पडण्याआधीचा तपासनीस

दवनीवाड्यासारख्या गावात घर बांधताना मालक, मिस्त्री आणि ठेकेदार एवढेच हजर असतात. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून ५ वर्षे बिल्डरला जबाबदार धरता येते. पण स्वतःच्या जागेवर स्वतः बांधलेल्या घराला ते कवच नाही. म्हणून स्वतंत्र अभियंता हवा, आणि स्वतंत्र म्हणजे ज्याचे पैसे मालक देतो, ठेकेदार नव्हे. जो माल पुरवतो त्यानेच माल चांगला असल्याचा दाखला द्यावा, हे काही खरे नाही.

या अभियंत्याला बोलवायचे मात्र स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी. स्लॅबच्या सळईखाली साधारण २० मिमीचे कव्हर ब्लॉक हवेत. नसतील तर सळई थेट सेंट्रिंगवर टेकते, काँक्रीटचे आवरण मिळत नाही, ओल पोचते, गंज फुगतो आणि काही वर्षांत पोपडे पडतात. प्लास्टर झाल्यावर हे डोळ्यांना दिसणारच कसे? काँक्रीट तपासायचा रिबाउंड हॅमरही पृष्ठभागाच्या कडकपणावरून मजबुतीचा फक्त अंदाज देतो.

घरकुल योजनेत टप्प्याटप्प्याचे जिओटॅग फोटो काढतातच की, असे कोणी म्हणेल. पण फोटोत काम कुठवर आले ते कळते, क्युरिंगला पाणी किती दिवस मारले ते नाही. आणि खर्चाचे म्हणाल, तर अशा भेटीची फी स्लॅब फोडण्यापेक्षा स्वस्तच पडते. फी आधी ठरवा, अहवाल लेखी घ्या आणि तो हातात आल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका.