परतीचा हिशेब आधी : लेचवर्थच्या दरीतील नदीकाठची पायवाट

अमेरिकेतील स्टेट पार्क म्हणजे केंद्र सरकारऐवजी एखाद्या घटक राज्याच्या मालकीचे आणि व्यवस्थेखालील उद्यान. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील लेचवर्थ स्टेट पार्क हे अशा उद्यानांपैकी एक असून, बफलोचे उद्योजक विल्यम प्रायर लेचवर्थ यांनी जेनेसी नदीकाठची आपली सुमारे १,००० एकर जमीन १९०६ मध्ये राज्याला दिली, तेव्हा त्याचा पाया घातला गेला. आज त्याचा विस्तार १४,००० एकरांहून अधिक आहे. नायगारा पाहण्यासाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथून मोटारीने साधारण दीड तासात येथे पोहोचता येते. मात्र नायगाऱ्याप्रमाणे कठड्याशी उभे राहून पाहण्यापेक्षा ही दरी पायी चालूनच अधिक कळते.

जेनेसी नदी पेनसिल्व्हेनियात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत रॉचेस्टर येथे ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळदगडांनी तिचे जुने खोरे बुजले, तेव्हा तिने शेल आणि वालुकाश्म यांच्या थरांतून नवी वाट कोरून काढली. शेल म्हणजे चिखलाचे थर दाबले जाऊन बनलेला, पापुद्र्यांसारखा सुटणारा खडक. येथील थर सुमारे ३७ ते ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. या मऊ खडकामुळेच दरी इतकी खोल आणि तिच्या भिंती इतक्या उभ्या झाल्या, आणि त्याच कारणाने तिच्या काठावर पाय ठेवणे धोक्याचे ठरते. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वावरलेल्या माणसाने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण वरून भक्कम दिसणारी कड खालून पोखरलेली असू शकते आणि भाराबरोबर ढासळते. १९३०च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी बांधलेल्या दगडी कठड्यांच्या आतच राहावे, मग छायाचित्रासाठी पलीकडची जागा कितीही मोहक वाटो.

दरीच्या पश्चिम काठाने जाणारी गॉर्ज ट्रेल ही पायवाट एका बाजूने ७ मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर लांब असून मध्यम श्रेणीत मोडते. मध्यम श्रेणी म्हणजे दोर किंवा कातळारोहण लागत नाही, परंतु पायऱ्या, चढउतार आणि पावसानंतरचा निसरडा चिखल यांची तयारी हवी. नकाशावर ही वाट नदीला समांतर दिसते आणि म्हणून सपाट असावी असा समज होतो, जो पहिल्याच तासात दूर होतो. कारण वुल्फ क्रीकसारखे ओढे कडेने घळी कोरून दरीत उतरतात आणि अशा प्रत्येक घळीपाशी वाटेला खाली उतरून पुन्हा वर यावे लागते.

ही वाट फिरून आरंभबिंदूशी येत नाही, आणि सारे नियोजन खरे तर याच एका गोष्टीवर ठरते. दरीतील वरचा, मधला आणि खालचा अशा धबधब्यांपैकी वरच्यापासून निघून वाटेच्या उत्तरेकडील सेंट हेलेना या टोकापर्यंत गेलेल्या माणसाला तितकेच अंतर उलट चालायचे असते, तेही नदीच्या वरच्या अंगाला आणि पाय थकल्यावर. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा येथे उपयोगी पडतो : दर ३ मैलांना एक तास आणि दर १,००० फूट चढाईला आणखी अर्धा तास. जाऊन-येऊन १४ मैलांना नुसत्या चालीचेच पावणेपाच तास होतात. त्यात चढ, जेवण आणि १०७ फूट उंचीच्या मधल्या धबधब्यासमोर हमखास जाणारा वेळ मिळवला, तर सात तासांहून कमी धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेनऊनंतर मावळतो, म्हणून हा वेळ सहज मिळतो. ऑक्टोबरअखेर, पानगळीचे रंग ओसरू लागलेले असताना, तो सहाच्या सुमारासच मावळतो. त्यामुळे परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि टोक गाठले असो वा नसो, ती पाळावी. दोन मोटारी असल्यास एक सेंट हेलेनाला आधी नेऊन ठेवावी, म्हणजे एकेरी चालणेच पुरे होते.

लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असल्यास खालच्या धबधब्याचा भाग तेवढा निवडणे शहाणपणाचे. तेथे शंभराहून अधिक पायऱ्या उतरून नदीवरील दगडी पुलावर पोहोचता येते आणि खडकाचे थर अगदी हाताच्या अंतरावर पाहता येतात. हिवाळ्यात बर्फामुळे काही वाटा बंद असतात, याची चौकशी आधी करावी.

पाणी घरूनच पुरेसे न्यावे, कारण नदीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिण्याजोगे नसते. फुलपँट मोज्यांत खोचावी. गवतातील गोचिडी, विशेषतः खसखशीच्या दाण्याएवढी त्यांची पिल्ले, लाइम हा जिवाणूजन्य आजार पसरवतात, म्हणून परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत आणि केसांच्या मुळाशी नीट पाहावे आणि रुतलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी.