सीडी६९ दिसला म्हणजे पेशी सक्रिय झाली, असंच का?

रक्तातल्या टी पेशीवर सीडी६९ दिसला की आपण लगेच म्हणतो, ही पेशी नुकतीच सक्रिय झाली आहे. रक्तापुरतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पण हाच नियम लहान आतड्याच्या अस्तराला लावला तर घोळ होतो. आतडं अगदी निरोगी असलं तरी तिथल्या बहुतेक टी पेशींवर सीडी६९ असतोच.

असं का, ते बघू. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्या पेशींच्या मधे टी पेशी बसलेल्या असतात. त्यांना इंट्राएपिथेलियल लिम्फोसाइट, थोडक्यात आयईएल म्हणतात. त्यांचं काम तिथेच राहून पहारा देणं. ऊतीतून बाहेर पडायला टी पेशीला एस१पीआर१ हा रिसेप्टर लागतो. सीडी६९ त्याला पृष्ठभागावरून आत ओढतो, म्हणजे बाहेरची वाट बंद. दुसरा मार्कर सीडी१०३. तो बीटा७ इंटिग्रिनबरोबर जोडी करून अस्तरपेशींवरच्या ई-कॅडहेरिनला धरतो. म्हणजे इथे हे दोन्ही मार्कर मुख्यतः सांगतात, "मी इथलीच रहिवासी."

सीडी८ची गंमत वेगळीच. रक्तातल्या नेहमीच्या किलर टी पेशींवर तो अल्फा-बीटा जोडीत असतो. अनेक आयईएलवर मात्र अल्फा-अल्फा असा असतो. फक्त सीडी८-अल्फाची अँटीबॉडी वापरली तर दोन्ही गट एकाच ढिगात पडतात. म्हणून पॅनेलमध्ये सीडी८-बीटा आणि गॅमा-डेल्टा टीसीआर हवेतच.

आता हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं? सीलिअ‍ॅक आजाराच्या काही मोजक्या रुग्णांमध्ये ग्लूटेन कडकपणे बंद करूनही आतडं सुधारत नाही. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात आयईएलच्या पृष्ठभागावरून सीडी३ आणि सीडी८ गायब झालेले असतात, पण पेशीच्या आत सीडी३ सापडतो. अशा पेशींचं प्रमाण वाढणं ही धोक्याची खूण, कारण त्यातून लिम्फोमा होऊ शकतो. तुम्ही सवयीने पहिलाच गेट 'पृष्ठभागावर सीडी३ पॉझिटिव्ह' असा लावलात, तर नेमक्या याच पेशी विश्लेषणातून बाद होतात. आलेख स्वच्छ दिसतो आणि आजार निसटतो.

म्हणून पॅनेल ठरवताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. हा मार्कर या ऊतीत काय काम करतो? तो पृष्ठभागावर नसेल तर पेशीच्या आत पाहिलं का? आणि पेशी सुट्या करताना वापरलेल्या एन्झाइमने तो कापला तर गेला नाही ना? शेवटच्या प्रश्नासाठी एक सोपा कंट्रोल आहे: रक्तातल्या पेशींना तेच एन्झाइम, तेवढाच वेळ द्या आणि न दिलेल्या पेशींशी तुलना करा. अर्थात, जो मार्कर रक्तातल्या पेशींवर ठळक असतो त्याच्यासाठीच हे चालतं. सीडी८साठी चालेल, सीडी१०३साठी फारसं नाही.