गोधा : संहितेतील, वारुळातील आणि गल्ल्यातील

वैद्यबंधूंना व भगिनींना गोधेचा परिचय होतो तो चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात. चरकाचार्यांनी तिला भूमिशय गणात घातले, सुश्रुताचार्यांनी बिलेशय वर्गात. तिचे मांस विपाकी मधुर, वातपित्तशामक व बृंहण सांगितले आहे. दोन्ही आचार्यांचे हे वर्गीकरण निवासावर आधारलेले आहे.

आधुनिक प्राणिशास्त्र शरीररचना व वंशसंबंध पाहते. त्यानुसार घोरपडींची प्रजाती ‘वरॅनस’ होय. भारतात तिच्या चार जाती आढळतात. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारी ती बंगाल घोरपड; दॉदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1802 मध्ये तिचे वर्णन केले. वाळवंटी घोरपड राजस्थान-गुजरातच्या रुक्ष भूमीत, पिवळी घोरपड गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानांत, तर पाणघोरपड सुंदरबन, ईशान्य भारत व अंदमान-निकोबारमध्ये राहते.

घोरपड दिनचर आहे. दुभंगलेल्या जिभेने ती हवेतील गंधकण टिपून टाळूतील गंधेंद्रियाकडे नेते. ही जीभ पाहूनच तिचे पिल्लू महाविषारी असल्याची समजूत पसरली असावी. वस्तुतः तिच्या दंशाने मनुष्य दगावत नाही. भुंगेरे, अळ्या, खेकडे, उंदीर व अंडी हा तिचा आहार. मादी अनेकदा वारुळात अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडण्यास कित्येक महिने लागतात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची शिकार भरून निघणे कठीण असते.

सर्व सरडे व सापांप्रमाणे घोरपडीच्या नरासही जननेंद्रियांची जोडी असते. ती वाळवली की जोडलेल्या दोन हातांसारखी दिसते. हीच बाजारातील ‘हाथाजोडी’! दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून धनलाभासाठी विकल्या जाणाऱ्या या वस्तूचे खरे स्वरूप 2017 मध्ये तपासणीअंती जगापुढे आले.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. एका रुग्णाने प्रेमाने दिलेली अशी जोडी आमच्या औषधालयाच्या गल्ल्यात शेंदराच्या डबीत कित्येक वर्षे होती. द्रव्यगुण शिकलेल्या आम्ही ती एकदाही भिंगाखाली धरली नाही. सत्य कळल्यावर ती वनविभागाच्या स्वाधीन केली. लाज मात्र राहिली.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये घोरपडीच्या चारही भारतीय जाती पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे अवयव बाळगणे व विकणे हा गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षे कारावास आहे. ‘आम्ही मूळ समजून घेतले’ हा बचाव वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

बृहत्त्रयीत हाथाजोडी नावाचे द्रव्य नाही. तेव्हा ती नाकारल्याने शास्त्राची कोणतीही हानी होत नाही. संहितेत गोधेचा उल्लेख आहे म्हणून आज तिचे मांस वा तेल वापरण्याची मुभाही मिळत नाही. बृंहणासाठी अश्वगंधा, शतावरी आपल्या हाताशी आहेतच. औषधी दुकानदार बंधूंनी आपला साठा एकवार तपासावा आणि संशयास्पद वस्तू आढळल्यास वनविभागास कळवावे, ही नम्र विनंती. द्रव्याची ओळख पटविणे हे चिकित्सेचे पहिले पाऊल आहे. ते आपल्या गल्ल्यापासूनच सुरू व्हावे.