शेवंतीची अभिवृद्धी आणि तिची परिभाषा

शेवंती ही बहुवर्षायू वनस्पती असली, तरी घरगुती बागेत ती पुष्कळदा एका हंगामाची पाहुणी ठरते. कार्तिक-मार्गशीर्षातील फुले ओसरली आणि दांडे वाळू लागले, की कुंडी रिकामी केली जाते. त्या दांड्यांच्या बुडाशी मातीतून जे कोवळे फुटवे डोके वर काढीत असतात, तेही मग उकिरड्यावर जातात. माळी त्यांना ‘काश्या’ म्हणतात. पुढील वर्षाची शेवंती वस्तुतः त्यांच्यातच असते.

बियांपासून शेवंती होत नाही असे नव्हे. परंतु बागेतील शेवंती संकरातून सिद्ध झालेली आहे. तिच्यात गुणसूत्रांचे बहुधा सहा संच, म्हणजे सुमारे ५४ गुणसूत्रे आढळतात. आणि स्वतःच्या परागाने ती सहसा बी धरीत नाही. त्यामुळे बियांतून उगवणारे रोप मातृवृक्षासारखे निघेल असा भरवसा धरता येत नाही. आजीच्या परसातली विशिष्ट पिवळी शेवंती जशीच्या तशी हवी असेल, तर त्याच झाडाचा तुकडा जगवावा लागतो. तो एक वर्ष राहून गेला आणि शेजारीपाजारी कोणाकडेही नसला, तर ती जात त्या घरापुरती संपली.

येथे परिभाषेचा थोडा घोटाळा होतो. मराठीत अशा तुकड्यालाही ‘कलम’ म्हणतात आणि आंब्याच्या कलमालाही ‘कलम’च म्हणतात. वास्तविक छाट कलमात झाड एकच असते व त्याच्या फांदीला स्वतःची मुळे फुटतात. भेट कलम, पाचर कलम किंवा डोळा भरणे यांत दोन झाडांचा सांधा जुळवावा लागतो. दोहोंत समान आहे ते कापणे. अरबीतील ‘कलम’ म्हणजे बोरूची लेखणी, आणि त्यामागे ग्रीकातील वेतवाचक शब्द आहे. तिरपी छाटलेली काडी हे या अर्थांना जोडणारे दृश्य होय. कौतुकाची बाब अशी, की १९०३ साली वेबर यांनी एकाच झाडापासून शाखीय रीतीने झालेल्या संततीसाठी जो शब्द योजिला, तो ‘क्लोन’ही ग्रीकातील डहाळीवरूनच आला. प्रयोगशाळेतील म्हणून आज भारदस्त वाटणारी ही संज्ञा अर्थाने छाटीहून फारशी दूर नाही. ‘शेवंती’ या नावाचीही गंमत आहे: हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब; शेवंतीस तेथे ‘गुलदाउदी’ म्हणतात.

आता प्रत्यक्ष रीत. फुले संपताच दांडे जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर छाटावेत, थोडे कुजलेले शेणखत घालावे व पाणी बेताने चालू ठेवावे. काश्या चारसहा पानांच्या झाल्या, की मुळांसकट अलग करून लहान कुंड्यांत लावाव्यात. चैत्र-वैशाखातले कडक ऊन त्यांना सोसत नाही. झाडाची विरळ सावली पुरते. पावसाळ्यात उलट भय असते. कुंडीत पाणी साचले, की मूळ कुजते. शेवंती गमावण्याचे हे फार नेहमीचे कारण होय.

याच काश्यांच्या वाढलेल्या शेंड्यांपासून आषाढाच्या सुमारास छाट कलमे घेता येतात, आणि जमिनीतले रोग बरोबर येण्याचा धोका त्यांत कमी असतो. शेंडा ५ ते ७ सेंटिमीटर लांब, कोवळा, कळी नसलेला असावा. पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापावा. खालची पाने काढावीत, कारण वाळूत दबलेले पान कुजते. जाड, धुतलेल्या वाळूत खोचून सावलीत ठेवावा. मुळे नसताना पानांतून पाणी उडत राहते, म्हणून हवा दमट हवी; वाळू मात्र चिकचिकीत नको. दोनतीन आठवड्यांत मुळे धरतात. कुंडीत हलविल्यावर सुमारे महिन्याने शेंडा खुडावा, म्हणजे बगलफांद्या फुटून झाड डेरेदार होते. भाद्रपदानंतर खुडणे नको, नाही तर कळ्याच खुडल्या जातात.

छाटीबरोबर गुणांप्रमाणे दोषही येतात. विषाणू व विषाणुसदृश घटकांनी खुरटलेल्या झाडाचे कलम खुरटेच राहते. तेथे माया न करता झाड उपटावे. उलट, एखाद्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाची फुले आली, तर ती फांदी खूण करून ठेवावी व तिचीच छाट घ्यावी. शेवंतीच्या कित्येक जाती अशाच एका फांदीतून निपजल्या आहेत.

सर्व काही नीट होऊनही झाड हिरवेच राहते व फुलत नाही, अशी तक्रार शहरी बागांतून ऐकू येते. तिचे कारण बहुधा खतात शोधले जाते. वनस्पतींचे फुलणे दिवसरात्रीच्या लांबीवर अवलंबून असते, हे गार्नर व अॅलर्ड यांनी १९२० साली दाखवून दिले. शेवंतीला लांब, अखंड रात्र लागते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी ती रात्र तिच्या हिशेबी तुटते. सज्जातील रात्रभर जळणारा दिवा किंवा रस्त्यावरचा खांब एवढे त्यास पुरते. अशी कुंडी श्रावणाअखेर घराच्या काळोख्या बाजूस हलवावी.